भूमिशुद्धि आणि लोकांचा सल्ला

राजाला सल्ला देणाऱ्यांची परंपरा राजसंस्थेइतकीच जुनी आहे. शिवकालीन अष्टप्रधानांपासून आजच्या तज्ज्ञ-समित्यांपर्यंत सत्ताधीशांनीं सल्लागार नेहमींच बाळगले. परंतु सल्लागार कोणांतून निवडावे या प्रश्नाचें उत्तर बहुतेक काळ एकच राहिलें. जो शिकलेला, जो अनुभवी, त्यानें सांगावें आणि इतरांनीं ऐकावें. ज्याच्या दाराशीं संकट येऊन उभें राहिलें आहे त्यालाच बोलावून ‘तुझें मत काय?’ असें विचारण्याची प्रथा अगदीं अलीकडची आहे. विषारी झालेली जमीन व नासलेलें पाणी पुन्हां शुद्ध करण्याच्या कामीं ही प्रथा कशी पडली, आणि ती कितपत सफल झाली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

जुन्या पद्धतीचा एक उत्तम नमुना इंग्लंडांत सांपडतो. शहरांच्या सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावावी याचा विचार करण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें १८९८ सालीं एक शाही आयोग नेमला. तो १९१५ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षें, चालला. १९१२ सालच्या आठव्या अहवालांत त्यानें एक माप घालून दिलें. नदींत सोडावयाच्या सांडपाण्यांत तरंगते कण दर लक्ष भागांत तीन, आणि पांच दिवसांत तें पाणी शोषून घेईल तो प्राणवायु दर लक्ष भागांत दोन, याहून अधिक असूं नये. शिवाय नदीचा प्रवाह त्या सांडपाण्याच्या निदान आठपट असावा. हें माप पुढें अनेक देशांतील इंजिनियरांनीं शिरोधार्य मानलें. आयोगांत बसलेले लोक सरदार, रसायनशास्त्रज्ञ, वैद्य व इंजिनियर होते. ज्यांच्या घरांवरून ती नदी वाहत होती त्यांना फार तर साक्ष देतां येई. निर्णयाच्या मेजाशीं त्यांना जागा नव्हती. तरी आयोगाचें काम मोलाचें झालें, हें कबूल केलें पाहिजे.

मात्र तज्ज्ञांचा सल्ला लोकांना पटावयाचा तर सल्ला मागणाऱ्या सरकारवर त्यांचा विश्वास असावा लागतो. तो विश्वासच उडाला तर अचूक गणितही संशयास्पद ठरतें. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नेमकें हेंच घडलें, आणि त्यांतूनच रहिवाशांच्या सल्लागार मंडळांचा जन्म झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत अणुबाँबसाठीं अमेरिकेनें गुप्त कारखाने उभारले. पश्चिम किनाऱ्याकडील वॉशिंग्टन संस्थानांत (त्या नांवाचें राजधानीचें शहर निराळें) कोलंबिया नदीच्या कांठीं हॅनफर्ड व व्हाइट ब्लफ्स अशीं दोन गांवें होतीं. १९४३ सालीं तेथील शेतकऱ्यांना अल्प मुदतीची नोटीस देऊन उठविण्यांत आलें. खरें कारण कोणालाही सांगितलें गेलें नाहीं. या जागीं तयार झालेलें प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर टाकलेल्या बाँबमध्यें होतें. पुढें युद्ध संपलें, पण रशियाशीं चढाओढ सुरू झाली आणि असे कारखाने देशभर वाढत गेले. गुप्तता हा त्यांचा पहिला नियम होता; कचऱ्याचा विचार सर्वांत शेवटचा.

या कारखान्यांपैकीं एकाची कथा विशेष विचार करण्याजोगी आहे. ओहायो संस्थानांत सिनसिनाटी शहरापासून सुमारें अठरा मैलांवर फर्नल्ड नांवाचें खेडें आहे. आजूबाजूला मक्याचीं शेतें आणि दुभत्या गाईंचीं कुरणें. तेथें १९५१ सालीं सरकारनें १,०५० एकर जागेंत युरेनियम शुद्ध करून त्याची धातु बनविण्याचा कारखाना उभारण्यास आरंभ केला. या कारखान्याचें नांव ‘फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर’ असें ठेवण्यांत आलें. येथें ‘फीड’ याचा अर्थ अणुभट्टीला पुरवावयाचा माल. पण इंग्रजींत गुरांच्या खाद्यालाही ‘फीड’च म्हणतात. त्यांत भर म्हणून कारखान्याच्या पाण्याच्या उंच टाकीवर तांबड्या-पांढऱ्या चौकटी रंगविलेल्या होत्या, आणि एका प्रसिद्ध पशुखाद्याची खूणही अगदीं तशीच होती. त्यामुळें कित्येक शेजाऱ्यांचा वर्षानुवर्षें असा समज राहिला कीं, येथें जनावरांचें खाद्य तयार होतें. हा समज दूर करण्याची कोणाला घाई नव्हती.

१९८४ च्या अखेरीस ही भ्रांति एकाएकीं नाहींशी झाली. कारखान्यांतील धूळ अडविणाऱ्या एका यंत्रांतून सुमारें ३०० पौंड युरेनियमची भुकटी हवेंत गेल्याचें बाहेर आलें. पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली. कारखान्याच्या दक्षिणेस तीन विहिरींच्या पाण्यांत युरेनियम सांपडलें होतें, आणि तें अधिकाऱ्यांना १९८१ पासून ठाऊक होतें. ज्यांच्या घरीं तें पाणी पिण्यांत येत होतें त्यांना मात्र कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें. रहिवाशांनीं, विशेषतः घरोघरच्या गृहिणींनीं, संघटना उभारली. १९८५ सालीं न्यायालयांत दावा दाखल झाला आणि १९८९ सालीं ७ कोटि ८० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. त्याच वर्षीं कारखान्यांतील उत्पादन बंद पडलें, आणि देशांतील अत्यंत दूषित जागांच्या सरकारी यादींत फर्नल्डचें नांव चढलें.

कारखाना बंद झाला, पण कचरा जागच्या जागीं होता. बेल्जियन काँगोंतून आलेल्या उच्च प्रतीच्या खनिजांतून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला, रेडियमनें भरलेला गाळ काँक्रीटच्या दोन प्रचंड कोठारांत सांठविलेला होता. सहा मोठ्या खड्ड्यांत दुसरा कचरा पुरलेला होता. मैदानांतील मातीवर युरेनियमची धूळ बसली होती. आणि या सर्वांच्या खालीं ग्रेट मियामी या नांवाचा विस्तीर्ण भूजलसांठा होता, ज्यावर त्या प्रदेशांतील असंख्य लोकांचें पिण्याचें पाणी अवलंबून होतें.

रहिवाशांची मागणी सरळ होती. ज्यांनीं ही घाण आणली त्यांनीं ती शेवटच्या कणापर्यंत उचलून न्यावी. सरकारी खात्याची रीतही ठरलेली होती. बंद दाराआड निर्णय घ्यावा, मग तो जाहीर करावा, आणि लोक ओरडूं लागले म्हणजे त्याचें समर्थन करीत बसावें. या दोन भूमिकांत बोलणें होण्याची शक्यताच नव्हती. दरवेळीं सभा भरत, आरोप होत, आणि लोक पूर्वींहून अधिक संतापून घरीं जात.

हा तिढा एकट्या फर्नल्डचा नव्हता. म्हणून १९९२ सालीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें एक विचार-समिति नेमली. तींत निरनिराळीं केंद्रीय खातीं, संस्थानांचीं सरकारें, मूळ रहिवाशांच्या जमाती आणि नागरिकांच्या संघटना यांचे प्रतिनिधि एकत्र बसले. १९९३ च्या फेब्रुवारींत तिनें शिफारस केली कीं, प्रत्येक दूषित जागेसाठीं तेथील लोकांचें एक सल्लागार मंडळ असावें, आणि निर्णय होण्यापूर्वीं त्याचें मत घ्यावें. सल्लागार समित्यांचा कारभार उघडपणें चालावा, त्यांच्या सभांना कोणालाही येतां यावें, असा अमेरिकेंत १९७२ सालचा कायदा होताच. त्याच्या आधारें १९९४ सालीं ऊर्जा-खात्यानें या स्थानिक मंडळांना रीतसर सनद दिली.

फर्नल्डचें मंडळ त्याआधींच, १९९३ सालीं, अस्तित्वांत आलें होतें. सिनसिनाटी विद्यापीठांतील कायद्याचे प्राध्यापक जॉन ॲपलगेट हे त्याचे अध्यक्ष झाले. शेजारचे रहिवासी, कामगारांचे पुढारी, स्थानिक पंचायतीचे लोक, अभ्यासक असे सभासद त्यांत होते. सरकारी अधिकारीही बैठकींस बसत. त्यांनीं माहिती पुरवावी, पण मत देऊं नये असा नियम होता. मंडळापुढें चार प्रश्न ठेवण्यांत आले. ही जागा पुढें कोणत्या उपयोगाची असावी? ती किती शुद्ध करावी? निघालेला कचरा कोठें ठेवावा? आणि कोणतें काम आधीं हातीं घ्यावें?

या प्रश्नांची मांडणी हीच निम्मी कामगिरी होती. ‘सरकारची योजना तुम्हांस मान्य आहे काय?’ असें विचारलें असतें तर ‘नाहीं’ हें एका शब्दाचें उत्तर आलें असतें आणि मंडळ तेथेंच संपलें असतें. परंतु आतां उत्तर शोधण्याची जबाबदारी सभासदांवरच येऊन पडली. त्यांनीं पहिले कित्येक महिने कसलीही शिफारस न करतां केवळ शिकण्यांत घालविले. माती किती, कोठें, किती खोलवर दूषित आहे. युरेनियम पाण्यांत कसें उतरतें. एक मालगाडी किती माती नेऊं शकते. या गोष्टी त्यांनीं समजावून घेतल्या.

पुढें तर त्यांच्या मदतीसाठीं एक खेळच तयार करण्यांत आला. कारखान्याच्या जागेचा नकाशा पटासारखा मेजावर पसरलेला असे, आणि दूषित मातीचे ढीग दाखविणाऱ्या सोंगट्या त्यावर मांडलेल्या असत. जागा किती शुद्ध करावयाची हें ठरविलें कीं तितक्या सोंगट्या उचलाव्या लागत. आणि उचललेली प्रत्येक सोंगटी कोठें तरी ठेवावीच लागे. ती आपल्याच आवारांत ठेवावी, कीं दूरच्या संस्थानांत पाठवावी, आणि पाठविली तर खर्च किती, वाहतूक किती, हें त्याच पटावर दिसे. शुद्धतेचें माप थोडेंसें कडक केलें कीं सोंगट्यांची रास भराभर वाढूं लागे. ‘सगळें उचलून न्या’ असें म्हणणाऱ्यांना प्रथमच प्रत्यक्ष दिसलें कीं, ‘सगळें’ म्हणजे किती. आणि आणखी एक प्रश्न पुढें आला. नेवाडा किंवा युटा या संस्थानांतील ज्या लोकांच्या शेजारीं हा कचरा जाणार होता त्यांनीं फर्नल्डचें काय वांकडें केलें होतें?

१९९५ च्या जुलैंत मंडळानें आपला निर्णय कळविला. जो कचरा संख्येनें थोडा पण अत्यंत घातक आहे, म्हणजे कोठारांतील गाळ व खड्ड्यांतील घाण, तो बाहेर न्यावा. जी माती व जो राडारोडा आकारमानानें अफाट पण सौम्य दूषित आहे, तो फर्नल्डच्याच आवारांत, भक्कम अस्तर घातलेल्या कायमच्या पेटाऱ्यांत पुरावा. भूजल मात्र पिण्याच्या पाण्याच्या मापापर्यंत शुद्ध झालेंच पाहिजे; तेथें सवलत नाहीं. आणि बाहेरच्या कोणत्याही कारखान्याचा कचरा फर्नल्डच्या पेटाऱ्यांत कदापि येतां कामा नये.

ज्यांना फसविलें गेलें, ज्यांच्या विहिरी नासल्या, त्यांनींच आपल्या वांट्याची माती आपल्या दाराशीं ठेवून घेण्याचें मान्य केलें, ही घटना असामान्य होती. कोणत्याही मंत्र्याला किंवा शास्त्रज्ञाला असा निर्णय त्यांच्यावर लादतां आला नसता. तो निर्णय सरकारनें स्वीकारला. कामाची मुदत पुष्कळ कमी झाली आणि अब्जावधि डॉलरांचा खर्च वांचला.

पुढच्या वाटचालींत या विचाराची कसोटी लागलीच. कोठारांतील गाळ नेवाडांत न्यावयाचा बेत होता. परंतु २००४ सालीं नेवाडाच्या सरकारनें न्यायालयांत जाण्याची धमकी दिली. अखेर तो गाळ टेक्सस संस्थानांतील एका खाजगी जागेकडे रवाना झाला. खड्ड्यांतील लक्षावधि टन कचरा आगगाड्या भरभरून युटांत गेला. सुमारें तीस लक्ष घन यार्ड माती व राडारोडा फर्नल्डच्या पेटाऱ्यांत विसावला. २९ ऑक्टोबर २००६ रोजीं काम पुरें झालें. खर्च सुमारें ४४० कोटि डॉलर झाला. कारखान्याच्या जागीं आतां गवताळ माळ, पाणथळी आणि पक्षी आहेत. २००८ सालीं तेथें पाहुण्यांसाठीं एक केंद्र उघडलें. त्यांत या भूमीचा इतिहास, आंतील लपवाछपवीसकट, सांगितलेला आहे. जागेची आठवण पुसली जाऊं नये, कारण विसरलेला कचराच सर्वांत घातक, असा मंडळाचा आग्रह होता. भूजलाचा उपसा व शुद्धीकरण हें काम मात्र २००६ नंतरही चालूच राहिलें.

फर्नल्डमध्यें लोकांनीं कांहीं सोडलें. कोलोरॅडोंत लोकांनीं कांहीं मिळविलें. डेन्व्हर शहराजवळील रॉकी फ्लॅट्स येथें १९५२ पासून बाँबचे प्लुटोनियमचे भाग तयार होत. तेथें सफाईच्या वेळीं, १९९६ सालीं, एका ग्रॅम मातींत ६५१ पिकोक्युरीपर्यंत प्लुटोनियम असलें तरी चालेल असें माप सरकारतर्फें ठरविण्यांत आलें. रहिवाशांना तें पटलें नाहीं. त्यांनीं स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून फेरतपासणी करून घेण्याचा आग्रह धरला, आणि त्या कामाचा पैसाही सरकारलाच द्यावा लागला. स्वतंत्र शास्त्रज्ञांनीं ३५ हें माप सुचविलें. शेवटीं वरच्या तीन फूट मातीसाठीं ५० हा आंकडा कायम झाला. त्याखालीं खोलवर मात्र माप सैलच ठेवण्यांत आलें. ६५१ आणि ५० यांतील अंतर ही नागरिकांच्या चिकाटीची कमाई होय. २००५ सालीं तेथील काम संपलें.

असें असलें तरी या मंडळांचें केवळ गुणगान करणें इतिहासाला धरून होणार नाहीं. त्यांना आज्ञा करण्याचा अधिकार नसतो. मंडळानें सांगावें आणि खात्यानें आभार मानून कागद फाइलींत ठेवावा, असेंही घडूं शकतें. सभासदांची नेमणूक सरकारच्या हातीं, खर्च सरकारच्या हातीं. हॅनफर्डचें उदाहरण घ्यावें. तेथें जमिनींत पुरलेल्या १७७ टाक्यांत सुमारें साडेपांच कोटि गॅलन किरणोत्सर्गी द्रव व गाळ सांठलेला होता, आणि कांहीं टाक्यांना गळती लागलेली होती. सफाईचा करार १९८९ सालीं झाला. सल्लागार मंडळ १९९४ सालीं बसलें. ज्या जमातींना १८५५ च्या तहान्वयें कोलंबिया नदींत मासेमारीचा हक्क मिळाला होता, त्यांनाही मंडळांत स्थान देण्यांत आलें. पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत या मंडळानें तीनशेंच्या आसपास लेखी सल्ले दिले. परंतु टाक्या रिकाम्या करण्याच्या मुदती पुनःपुन्हां पुढें गेल्या. जेथें प्रश्न मुळांतच अवाढव्य आहे आणि तंत्र हातीं नाहीं, तेथें शहाण्यांत शहाणा सल्लाही तो एका पिढींत सोडवूं शकत नाहीं. मग अशा मंडळाचा उपयोग काय? उपयोग इतकाच कीं, जें १९४३ पासून चाळीस वर्षें काळोखांत चाललें, तें पुढें उजेडांत चाललें. मुदत चुकली तर कां चुकली हें भर सभेंत सांगावें लागलें.

या कथेचा आपल्या देशाशीं संबंध दूरचा नाहीं. ज्या १९८४ च्या अखेरीस फर्नल्डची बातमी फुटली, त्याच वर्षाच्या २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीं भोपाळांत विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं. त्या कारखान्यांतील उरलेल्या विषारी कचऱ्याचें काय करावें हा प्रश्न पुढें चाळीस वर्षें लोंबकळत पडला. २०११ सालीं तो नागपूरजवळील संरक्षण-संशोधन खात्याच्या भट्टींत जाळावा असें ठरूं लागलें. तेव्हां नागपूरकरांनीं विरोध केला, महाराष्ट्र सरकारनें हरकत घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें, आणि तो बेत मागें पडला. २०१२ सालीं कचरा विमानानें जर्मनीस नेण्याची वाटाघाटही मोडली. अखेर २०२५ च्या जानेवारींत न्यायालयाच्या आदेशानें सुमारें ३३७ टन कचरा मध्यप्रदेशांतीलच पिथमपूर येथें नेण्यांत आला. तेव्हां तेथील लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर तो जाळून झाला. कारखान्याच्या आवारांतील दूषित माती व भूजल यांचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं.

नागपूरकरांचा किंवा पिथमपूरकरांचा विरोध हा अडाणीपणा होता, असें म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. आरंभीं फर्नल्डचे रहिवासीही याहून निराळें बोलत नव्हते. फरक पडला तो पुढें. त्यांच्या हातीं सर्व कागद देण्यांत आले, शिकण्यास अवधि देण्यांत आला, आणि निर्णय पक्का होण्यापूर्वीं त्यांना विचारण्यांत आलें. भोपाळ, नागपूर व पिथमपूर येथील माणसांना असा पट मांडून कोणीं एकत्र बसविलें नाहीं. प्रत्येक गांवाला आपल्या वेशीवर आलेला ट्रकच तेवढा दिसला.

कचऱ्याचा एक स्वभाव आहे. तो हलवितां येतो, झांकतां येतो, सौम्य करतां येतो. पण बहुधा नाहींसा करतां येत नाहीं. कोणाच्या तरी शेजारीं तो राहणारच. तो कोठें राहावा हें शास्त्र एकट्यानें सांगूं शकत नाहीं, कारण त्यांत न्यायाचाही प्रश्न आहे. तो प्रश्न त्या शेजाऱ्याला आधीं, खरी माहिती देऊन, विचारला तर तो समंजसपणें उत्तर देऊं शकतो, हें फर्नल्डच्या शेतकऱ्यांनीं व गृहिणींनीं दाखवून दिलें. त्यांनीं मागितलें होतें तें सगळें त्यांना मिळालें नाहीं. परंतु त्या गवताळ माळाखालीं काय पुरलें आहे, किती पुरलें आहे आणि कां पुरलें आहे, हें आतां तेथील शाळेंतल्या मुलालाही विचारून कळूं शकतें. १९८१ सालीं विहिरीचें पाणी शेंदणाऱ्या त्याच्या आजीला तें कळत नव्हतें.